दाराबाहेरचा अर्धा तास

मी भांडणं मिटवायचे. पगार मला त्याचाच मिळायचा. घरी टीव्हीच्या रिमोटवरून चार-चार दिवस अबोला धरणारी ही बाई ऑफिसात चाळीस जणांचं एकमत कसं घडवते, या विचाराने नवऱ्याला अजून हसू येतं. हसू दे बापड्याला. त्या कामात मी हुशार आहे असं मला वाटायचं, आमच्या साहेबांनाही वाटायचं, आणि ज्यांना वाटत नव्हतं त्यांनी मला तसं कधी सांगितलं नाही. त्यांनी का सांगितलं नाही, हे कळायला मला रिटायर व्हावं लागलं.

उलव्याच्या अलीकडे, गव्हाणच्या बाजूला, आमचं कंटेनरचं यार्ड होतं. बंदरातून आलेला माल उतरवून घ्यायचा, गोदामात ठेवायचा, कागद पुरे झाले की ट्रेलरवर चढवून पाठवायचा. मी सुकापूरहून कंपनीच्या बसने जायचे. यार्डात माणसं दोन तऱ्हेची. बाहेर उन्हात आसपासच्या गावातली आगरी माणसं, क्रेन चालवणारी, माल उतरवणारी, मोजणारी. त्यांच्याच शेतांवर आणि मिठागरांवर हे सगळं उभं राहिलेलं. आत एसीत कागदपत्रं करणारी पोरं-पोरी, कुणी साताऱ्याची, कुणी नागपूरची, कुणी लग्न होऊन उलव्यात आलेली. मध्ये काच. काचेला एक खिडकी, आणि त्या खिडकीशी कायम दोन-चार ट्रकवाले तोंड घालून उभे.

बाहेरच्या माणसांवर एक मुकादम होते. साठीला आलेले, सडपातळ, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. क्रेनवाला चुकला तर ते नुसते जाऊन क्रेनखाली उभे राहायचे, वर बघत. पुरे व्हायचं तेवढं. मला वाटायचं, या माणसाचा स्वभावच गरीब. अगं बाई, गरीब कसला! चाळीस माणसं एका नजरेत ठेवणारा माणूस गरीब असतो होय? पण मी पडले पुण्याची, जो बोलतो तोच हुशार अशी माझी समजूत.

भांडण होतं हळदीचं. आगऱ्यांची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. लग्न दुसऱ्या दिवशी, पण खरा सोहळा आदल्या संध्याकाळी. मांडव, बेंजो, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई, आणि सगळा गाव जेवायला. घरटी एक माणूस मांडवात राबायला आलाच पाहिजे. मांडव घालायचा त्यांनी, पाणी भरायचं त्यांनी, पंगती वाढायच्या त्यांनी. केटररला सांगून भागत नाही. मांडवात किती हात राबले त्यावरून त्या घराची पत ठरते.

म्हणजे एप्रिल-मे उजाडला की आमच्या यार्डातून दिवसाआड दहा-बारा माणसं गायब. ती बिचारी पहाटे पाचला यायची, दुपारी दोनपर्यंत दिवसभराचं काम उरकायची आणि जायची. पण आमची आतली मंडळी यायची नऊला. कागद व्हायचे दुपारनंतर. ट्रक दारात, माल चढवायला माणूस नाही, आणि खिडकीत शिव्या कुणाला? आतल्या पोरींना. त्यातली एक साताऱ्याची मुलगी, तोंडाने फटकळ, मनाने चांगली, एके दिवशी माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. "मॅडम, परत हळद! लग्न यांचं, आणि ट्रकवाले आईबहीण माझी काढतात. हे रोज चालणार असेल तर मी येणार नाही उद्यापासून."

बाहेरच्यांचंही म्हणणं होतं. एक क्रेनवाला मला तोंडावर म्हणाला, "जमिनी आमच्या गेल्या मॅडम, आता हलदीपन देऊ काय?" दोन्हीकडचं खरंच होतं. अशा ठिकाणी माझ्यासारखीचं काम असतं.

पुढच्या लग्नसराईच्या आधी नेमकी मी लोणावळ्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले होते. एकमत कसं घडवावं, असा विषय. शिकवणारा तरुण होता, सूट घातलेला, बोलायला फर्डा. त्याचं म्हणणं, निर्णयाच्या आधी कोपऱ्यात जाऊन बोलणं ही गटबाजी. जे काही असेल ते टेबलावर, सगळ्यांसमोर. मला ते इतकं पटलं की परत आल्या आल्या मी नोटीस काढली. हळदीच्या रजांवर सगळ्यांची मीटिंग होईल, आणि मीटिंगच्या आधी कुणीही कुणाला भेटून वेगळं काही सांगायचं नाही. कर्म माझं! आता आठवलं तरी कान गरम होतात.

मीटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी काका माझ्या केबिनबाहेर येऊन बसले. जानेवारी संपत आला होता. मी आत मीटिंगसाठी स्लाइडा करत होते, रंगीत. शिपाई सांगून गेला, मुकादम आलेत. म्हटलं, बसू दे जरा. एक स्लाइड झाली, दुसरी झाली, मग साहेबांचा फोन आला. दाराच्या काचेतून मला काकांचे गुडघे दिसत होते आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात. पायाशी एक पिशवी. अर्धा तास तरी झाला असेल.

मग मीच बाहेर गेले. ते उठून उभे राहिले.

"मॅडम, दोन मिन्टं होती. त्या हलदीच्या..."

"काका, उद्या मीटिंग आहेच ना," मी म्हटलं. हसून म्हटलं, हे विशेष. "जे काय असेल ते सगळ्यांसमोर बोला. आता दाराआड कुणी काही सांगायचं नाही. तुम्हीच नियम मोडलात तर बाकीच्यांना मी काय सांगू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." पिशवी पुढे केली. "वालाच्या शेंगा हायत. घरच्या." आणि गेले.

त्या शेंगा मी रात्री उकडल्या, ओवा आणि मीठ घालून. नवऱ्याने दोनदा घेतल्या. पिशवी अजून आहे माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग म्हणजे माझ्या नोकरीतली सगळ्यात गाजलेली मीटिंग. साताऱ्याची मुलगी दहा मिनिटं बोलली, मुद्देसूद. आतल्या आणखी तिघांनी हात वर केले. बाहेरची माणसं भिंतीला लागून बसली होती. मी एकेकाला विचारलं, तर जो तो आधी काकांकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "तुमी ठरवा." मला वाटलं, वा, किती समजूतदार माणसं! शेवटी ठरलं की यार्डातून एका दिवशी तीनच जणांना रजा मिळेल, आधी अर्ज देईल त्याला आधी, आणि बाकी कुणी वेळेआधी जायचं नाही. मी काकांना विचारलं, "काका, मान्य आहे ना?"

ते टेबलाकडे बघत होते. "तुमी म्हनता तर हाय."

मी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. खाली माझ्या हाताने लिहिलं, सर्वानुमते मंजूर. कागद लॅमिनेट करून हजेरीच्या मशीनशेजारी लावला. साहेबांनी पाठ थोपटली, वरच्या ऑफिसला ईमेल गेला. आणि नियम चालला बरं का! एप्रिलमध्ये एकही माणूस दोनला गेला नाही. काका रोज संध्याकाळी गेटशी उभे असायचे. मला वाटायचं, घरी जायची वाट बघतायत.

मे महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. ते पत्रिका घेऊन आले, अक्षता देऊन म्हणाले, "हलदीला यायचं मॅडम, लग्नाला नाय आलात तरी चालंल." मी रजेचं रजिस्टर उघडलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. त्याच दिवशी दुसऱ्या गावातही लग्न होतं, आणि तिथल्या दोघांनी महिनाभर आधी अर्ज दिले होते. तिसरी रजा काकांची स्वतःची. म्हणजे त्यांच्या गावातून, त्यांच्या हाताखाली पंधरा-वीस वर्षं काढलेल्यांतून, एकही माणूस त्यांच्या मांडवात जाऊ शकणार नव्हता. आणि याच माणसाने गेल्या वीस वर्षांत प्रत्येकाच्या घरच्या हळदीला प्रत्येकाला सोडलेलं.

मला तेव्हा कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कळलं नव्हतं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवणार नाही.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साताऱ्याची मुलगी कसली तरी फाइल घेऊन उभी होती, आणखी दोघं ऑफिसातले बसलेले, एक क्रेनवाला अर्ज घेऊन आलेला. मी सगळ्यांना बाहेर पाठवलं का? छे! सगळं खुलेपणाने करायचं ना आम्हाला. सगळ्यांदेखत विचारलं, "काका, तुमच्यासाठी अपवाद करायचा का या वेळी? सांगा तुम्ही, आत्ता विचारते सगळ्यांना."

क्रेनवाल्याने मान खाली घातली. काका म्हणाले, "नको मॅडम. सगल्यांनी सही केलीय. मी पन केलीय."

आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं. नियम वाचला माझा.

हळदीला मी गेले, संध्याकाळी, ऑफिसातल्या दोघींना घेऊन. मांडव मोठा घातला होता, खुर्च्यांना पांढरी कापडं. धवले गाणाऱ्या बाईंचा आवाज लागला होता, बायका-पोरींनी अंगण भरलेलं. पण पुरुषमाणसं? चार म्हातारे, जावई, आणि भाड्याने आणलेली वाढपी पोरं, त्यांना पंगत कुठून धरायची तेही ठाऊक नव्हतं. यार्डातली माणसं अजून कामावर होती, शेवटचे ट्रेलर भरत. नंतर कळलं, दोन-तीन जण निघाले होते कुणाला न विचारता, तर काकांनी सकाळीच फोन करून सांगितलं, मी सही केलीय, जागेवर राहा. रोज संध्याकाळी ते गेटशी कशासाठी उभे राहायचे, हे मला तेव्हा समजलं. माझा कागद ते आपल्या अंगावर घेऊन चालवत होते.

पंगत बसली. मला पहिल्या रांगेत बसवलं. वाढपी कमी पडले म्हणून भाताचं ताट घेऊन स्वतः काका वाढायला आले. नवरीचा बाप. त्या दिवशी त्याने खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं बघायचं, हात जोडायचे, एवढंच. पांढरा शर्ट, वरची गुंडी लावलेली, बाहीवर हळदीचा डाग. माझ्या पानात वाढताना म्हणाले, "पोटभर जेवा मॅडम." माझ्या शेजारच्या म्हातारीने दुसऱ्या म्हातारीला जरा मोठ्यानेच विचारलं, "याच्या मांडवात मानसं कुटं गेली गो?" काका पुढच्या पानाकडे सरकले.

मी जेवले. पानात काही टाकलंसुद्धा नाही. आणि पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सगळ्यांसमोर काकांचं कौतुक केलं, नियम कसा पाळावा याचं उदाहरण म्हणून. टाळ्या वाजवायला लावल्या. आत बसणाऱ्यांनी वाजवल्या. अरे देवा, तोंड कुणी शिवलं असतं माझं तर बरं झालं असतं!

दिवाळीच्या आधी काकांनी काम सोडलं. अजून दोन वर्षं होती त्यांची. कारण लिहिलं, तब्येत. मी म्हटलं, थांबा की. ते म्हणाले, "गुडघं धरतात." मी गुडघ्यांवर विश्वास ठेवला, कारण तो मला सोयीचा होता.

पुढच्या वर्षी पहिली हळद आली आणि अकरा जणांना एकाच दिवशी जुलाब लागले. दुसऱ्या हळदीला चौदा जणांना. साहेबांनी मला विचारलं, "अहो, ते एकमत कुठं गेलं तुमचं?" मी लॅमिनेट केलेला कागद दाखवला. एकूण एक सही जागेवर होती. ज्या माणसाच्या शब्दावर तो कागद उभा होता, तो घरी बसला होता. साताऱ्याची मुलगीही त्या मे महिन्यात सोडून गेली. म्हणजे जिच्यासाठी एवढं रामायण केलं, तिचंही भलं माझ्या हातून झालं नाही.

मी रिटायर झाले त्याला आता बरेच दिवस झाले. काकांकडे जायचं, जायचं म्हणत राहिले. नवरा म्हणायचा, "जाऊन ये, नाहीतर माझं डोकं खाणं बंद कर." शेवटी या हिवाळ्यात गेले, एकटी, रिक्षा करून. गाव ओळखू येत नव्हता. जिथे मांडव घातला होता तिथे आता चार मजली घर आहे आणि विमानं डोक्यावरून अशी जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं.

काका ओट्यावर बसले होते. थकलेत, पण वरची गुंडी तशीच. "आलात मॅडम," एवढंच म्हणाले, जसं काही मी कालच येणार होते. त्यांची बायको, सून, मोठा मुलगा, शेजारचे एक गृहस्थ, सगळे भोवती जमले. चहा झाला, पोह्याचे पापड झाले. जेवल्याशिवाय सोडत नव्हते, कशीबशी सुटका करून घेतली. ज्या मुलीची हळद मी जेवले तिला आता मुलगा झालाय, त्याचा फोटो दाखवला.

आणि मग माझ्याने राहवेना. म्हटलं, "काका, मी माफी मागायला आले. तुमच्या मुलीच्या हळदीला मी तुमची माणसं अडवली." सून आत गेली. काका म्हणाले, "जाऊ द्या ते. झालं गेलं."

मी तरी गप्प बसावं की नाही? म्हटलं, "त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या दाराशी बसला होतात. काय सांगायचं होतं तुम्हाला?"

काकांनी मुलाकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं. "इसरलो मी," म्हणाले. "लय वर्सं झाली."

मी उठले. रिक्षावाला लांब रस्त्याच्या तोंडाशी थांबला होता, त्याला हात केला. काका काठी घेऊन माझ्यासोबत गेटपर्यंत आले. मुलगा मागे येऊ लागला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं. गेटशी आम्ही दोघंच. तेव्हा ते बोलले, हलक्या आवाजात, रस्त्याकडे बघत.

"गाडीवाले सगले आमचेच होते, मॅडम. कुनी भाचा, कुनी साडू. हलदीच्या आदल्या दिवशी मी येक येक फोन केला असता, दोनच्या नंतर कुनी गाडी आनली नसती. तुमच्या ऑफिसातली दोनच मानसं सकाली सातला पायजे होती, कागद करायला. पोरींना आनाया-सोडाया मी माजी गाडी लावनार होतो. दोनला त्या पन घरी, आमी पन घरी. येवढंच सांगायचं होतं."

सकाळी सात. दोनला घरी. साताऱ्याच्या मुलीने तर उडी मारून हो म्हटलं असतं. कुणी रडलं नसतं, कुणाला सोडून जावं लागलं नसतं, आणि त्या मांडवात वाढायला चाळीस हात असते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, भर रस्त्यात, या वयात.

"मग मीटिंगमध्ये..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तुमी सगल्यांसमोर स्लाइडा लावून बसलेल्या. तुमचं चुकतंय असं तिथं कसं सांगू? तुमच्या हाताखालची पोरं बसलेली. मानसाला खाली बघाय लावायचं नाय, आमच्यात तसं नाय करत. म्हनून आदी आलो होतो."

विमान गेलं वरून. रिक्षा वळण घेऊन गेटशी येऊन उभी राहिली. तिकडून इकडे यायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांचं सगळं सांगून झालं होतं.